उतारवयातले स्नायू आणि संप्रेरकांचा सांगावा

साठी ओलांडलेल्या माणसांची एक तक्रार आमच्यासारख्या तालुक्याच्या डॉक्टरांना रोज ऐकावी लागते. "डॉक्टर, दुखत-खुपत काही नाही, पण अंगात जोर राहिला नाही." खाली बसले की उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागतो. एसटीची पहिली पायरी चढताना कुणीतरी आधार द्यावा लागतो. पाण्याची कळशी उचलवत नाही. रक्त-लघवी तपासावी, तर बहुतेक वेळा त्यात वावगे काही नसते. मग घरची माणसे म्हणतात, "वय झालं, चालायचंच." नाहीतर "एक शक्तीची बाटली लावा," असा आग्रह धरतात. या दोन्ही समजुती मनातून काढून टाकाव्यात, यासाठी आजचा लेख आहे.

वय झाले की स्नायू झिजतात हे खरे. तिशी-चाळिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचे वजन साधारण ३ ते ८ टक्क्यांनी उतरते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर वजनापेक्षाही लवकर उतरते. अमेरिकेतील पोषणतज्ज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये या झिजेला 'सार्कोपेनिया' हे नाव दिले. ग्रीक शब्दांवरून त्याचा अर्थ होतो मांसाची उणीव. आपण त्याला स्नायुक्षय म्हणू. पूर्वी तो म्हातारपणाचाच भाग समजला जाई. आता वैद्यकशास्त्र त्याला स्वतंत्र आजार मानते. कारण म्हातारपणी पडणे, खुब्याचे हाड मोडणे आणि अंथरुणाला खिळणे, यांची सुरुवात पुष्कळदा येथूनच होते.

उसाच्या डोळ्यासारख्या पेशी

आपले स्नायू लांब लांब तंतूंचे बनलेले असतात. ओझे उचलताना, धावताना, नुसता जिना उतरतानाही या तंतूंना बारीक बारीक इजा होते. ती वेळच्या वेळी दुरुस्त व्हावी लागते. हे काम करणाऱ्या पेशींचा शोध १९६१ मध्ये लागला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील अलेक्झांडर माउरो बेडकाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. तंतूच्या कडेला, त्याच्या पातळ आवरणाखाली, चिकटून बसलेल्या लहान पेशी त्यांना दिसल्या. ग्रहाजवळ उपग्रह असावा तशा त्या असल्याने त्यांना 'सॅटेलाइट सेल' हे नाव पडले. याच स्नायूंच्या मूलपेशी.

आपल्या भागातल्या वाचकांना हे समजायला उसाचे एक कांडे पुरे. कांड्यावर जसा डोळा असतो, तशी ही मूलपेशी. ऊस उभा असतो तोवर डोळा झोपलेला असतो. कांडे तोडून, सरीत दाबून, पाणी दिले की तो फुटतो. मूलपेशीही एरवी निपचित पडून असते. स्नायूला ताण पडला किंवा इजा झाली की ती जागी होते आणि एकीच्या अनेक होतात. त्यांतल्या बऱ्याचशा जुन्या तंतूत मिसळून त्याला सांधतात. थोड्या पुन्हा झोपी जातात, पुढच्या हंगामासाठी राखलेल्या बेण्यासारख्या.

उतारवयात दोन गोष्टी घडतात. मूलपेशींची संख्या घटते आणि उरलेल्या लवकर जाग्या होत नाहीत. त्यातही झटक्याने हालचाल करणाऱ्या तंतूंजवळच्या मूलपेशी अधिक घटतात. म्हणून पंचाहत्तरीचे आजोबा संथ पावलांनी दोन-तीन किलोमीटर सहज चालतात, पण न्हाणीच्या ओल्या फरशीवर पाय सरकला की स्वतःला सावरू शकत नाहीत. सावरायला लागणारा झटका देणारे तंतूच रोडावलेले असतात.

सांगावा कोण देतो?

बेणे चांगले असूनही पाटाच्या पाण्याची पाळी चुकली, तर उगवण होत नाही. मूलपेशींच्या बाबतीत हे काम संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, करतात. शरीरातल्या निरनिराळ्या ग्रंथींतून ती रक्तात उतरतात आणि रक्तावाटे स्नायूपर्यंत निरोप पोचवतात. 'जागे व्हा', 'वाढा', 'थांबा', असे हे निरोप असतात.

पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे त्यांतले मुख्य. चाळिशीच्या आसपासपासून ते वर्षाला सुमारे एक टक्का या गतीने उतरते. अमेरिकेत काम करणारे डॉ. शलेंदर भसीन आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये दाखवून दिले, की टेस्टोस्टेरॉन दिलेल्या तरुण पुरुषांच्या मांडीच्या स्नायूत मूलपेशींची संख्या वाढते. स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन हे काम करते. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे. मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून येणारे वाढीचे संप्रेरक आणि त्याच्या सांगण्यावरून तयार होणारे 'आयजीएफ-१' हे द्रव्यही मूलपेशींना वाढीस लावते. तेही वयाबरोबर उतरते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक कमी पडले तर मांड्या जड होतात, पेटके येतात, चाल मंदावते. ड जीवनसत्त्व हे नावाने जीवनसत्त्व असले तरी शरीरात ते संप्रेरकासारखेच वागते. त्याची फार कमतरता झाली की मांडी-खांद्याचा जोर जातो.

याउलट मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून येणारे कॉर्टिसॉल स्नायू मोडून त्यांचे इंधन करते. उपासमारीत, मोठ्या आजारात ते उपयोगी पडते. पण दीर्घकाळ जास्त राहिले तर स्नायू खाते. वाढवणारे निरोप क्षीण व्हावेत आणि मोडणारे तसेच राहावेत, अशी स्थिती उतारवयात येते.

म्हातारा उंदीर आणि तरुण रक्त

मग दोष बेण्याचा की पाण्याचा? या प्रश्नाचे उत्तर शोधणारा एक प्रयोग अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. इरिना व मायकेल कॉनबॉय, थॉमस रँडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक तरुण व एक म्हातारा उंदीर शस्त्रक्रियेने असे जोडले, की दोघांचे रक्त एकमेकांत फिरू लागले. नंतर स्नायूला इजा केली. एरवी म्हाताऱ्या उंदराची जखम नीट भरत नाही. पण येथे त्याच्या मूलपेशी तरुणासारख्या जाग्या झाल्या आणि स्नायू चांगला सांधला गेला. म्हणजे म्हाताऱ्या मूलपेशी सगळ्या संपलेल्या नसतात. त्यांच्यापर्यंत पोचणारा सांगावा बिघडलेला असतो.

पुढे कॉनबॉय यांच्याच बर्कले येथील प्रयोगशाळेने २०१४ मध्ये ऑक्सिटोसिन या संप्रेरकाकडे लक्ष वेधले. बाळंतपणात कळा येण्यासाठी आणि अंगावरचे दूध सुटण्यासाठी लागणारे हे संप्रेरक उंदरांत वयाबरोबर घटते. म्हाताऱ्या उंदरांना ते दिल्यावर स्नायूंची दुरुस्ती सुधारली. मात्र वाचकांनी एक ध्यानात ठेवावे. हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. यातून माणसासाठी अजून कोणतेही औषध हाती आलेले नाही. "तरुण रक्ताचे उपचार" म्हणून कोणी पैसे मागत असेल तर सरळ नकार द्यावा.

पिशवी काढताना विचारायची गोष्ट

स्त्रियांचा विषय आपल्या भागात जास्त महत्त्वाचा आहे, आणि तो दुर्लक्षित आहे. भारतीय स्त्रियांची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. त्या सुमारास अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन एकदम उतरते. हाडे ठिसूळ होतात हे आता बहुतेकींना ठाऊक आहे. स्नायूंवरचा परिणाम मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले, की अंडाशये काढलेल्या उंदरांच्या निरनिराळ्या स्नायूंत मूलपेशींची संख्या ३० ते ६० टक्क्यांनी घटली. इस्ट्रोजेन परत दिल्यावर ती सावरली. त्याच अभ्यासात, पाळी जाण्यापूर्वी आणि गेल्यानंतर, थोड्या स्त्रियांच्या स्नायूंचे नमुने तपासले, तेव्हा त्यांतही इस्ट्रोजेन उतरताना मूलपेशी कमी झाल्याचे आढळले.

आता आपल्या शिवाराकडे पाहू. दिवाळीच्या पुढेमागे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी या कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडीच्या टोळ्या येऊन उतरतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. पहाटे फडात जायचे, तोडायचे, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढवायची. या कामात बाईचा वाटा निम्म्याहून कमी नसतो. यातली कितीतरी कुटुंबे मराठवाड्यातली, बीड जिल्ह्यातली. तेथील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते.

येथे एक फरक नीट समजून घ्यावा. नुसती पिशवी काढली आणि अंडाशये ठेवली, तर पाळी थांबते पण इस्ट्रोजेन येत राहते. फार तर ते काही वर्षे आधी आटते. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशये काढली, तर पस्तिशीच्या बाईच्या शरीरात एका दिवसात पन्नाशी येते. ज्या बाईचे पोट तिच्या दंडातल्या आणि मांडीतल्या जोरावर चालते, तिच्यासाठी ही साधी गोष्ट नव्हे. ऑपरेशनला दोन-चार वर्षे झालेल्या बायका माझ्याकडे येऊन सांगतात, की पूर्वीसारखी मोळी उचलत नाही, कंबर धरते, पायऱ्या चढताना मांड्या थरथरतात. त्यांतल्या बहुतेकींना आपली अंडाशये ठेवली की काढली हेच सांगता येत नाही. कागदही जवळ नसतो.

शस्त्रक्रिया कधीच करू नये असे मी म्हणत नाही. कर्करोग, मोठ्या गाठी, औषधाने न थांबणारा रक्तस्राव, अशी योग्य कारणे असतात. पण अंगावरून पांढरे जाते किंवा पोटात दुखते एवढ्यावर पिशवी काढू नये. सल्ला मिळाला तर तीन प्रश्न विचारावेत. औषधाने भागेल का? अंडाशये ठेवता येतील का? काढलीच, तर पुढे संप्रेरकांची गोळी लागेल का? नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत अशी गोळी देणे पुष्कळ स्त्रियांना हिताचे ठरते. मात्र ज्यांना स्तनाचा कर्करोग झाला आहे किंवा पूर्वी शिरेत रक्ताची गाठ झाली आहे, अशांना ती चालत नाही. म्हणून हा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांचाच. दुसरे मत घ्यायला आता पुण्यापर्यंत जावे लागत नाही. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि ऑपरेशनचा कागद जन्माच्या दाखल्यासारखा जपून ठेवावा.

शक्तीच्या इंजेक्शनांचा मोह

संप्रेरक कमी पडते ना, मग तेच टोचून घ्यावे, असे कुणालाही वाटेल. शास्त्रज्ञांनाही वाटले. अमेरिकेतील डॉ. डॅनियल रुडमन यांनी १९९० मध्ये साठीपुढच्या बारा पुरुषांना सहा महिने वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शने दिली. चरबी सोडून उरलेले शरीराचे वजन सुमारे ९ टक्क्यांनी वाढले आणि जगभर गाजावाजा झाला. पण १९९६ मध्ये सत्तरीच्या आसपासच्या व त्यापुढच्या पुरुषांवर दुसरा अभ्यास झाला. त्यात वजन वाढले, ताकद वाढली नाही. उलट पायांना सूज आणि सांधेदुखी मात्र मागे लागली. स्नायू दिसायला भरणे वेगळे आणि कामाला येणे वेगळे.

टेस्टोस्टेरॉनचेही तसेच. ज्यांच्यात ते खरोखर कमी आहे, सकाळच्या रक्ततपासणीत दोनदा कमी आढळले आहे आणि तशी लक्षणेही आहेत, त्यांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते देता येते. इतरांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. रक्त घट्ट होणे, हृदयाचे ठोके अनियमित होणे हे धोके आहेत. व्यायामशाळेत कुणाच्या तरी सांगण्यावरून टोचून घेणाऱ्या तरुणांचे तर स्वतःचे संप्रेरक बनणे थांबते, शुक्रजंतू घटतात आणि पुढे मूल होण्यात अडचण येते.

याहून घरोघरी आढळणारा धोका स्टेरॉइडच्या गोळ्यांचा. कॉर्टिसॉलच्याच जातीची ही औषधे आहेत. दमा, संधिवात यांत डॉक्टरांनी मोजून दिली तर ती जीव वाचवतात. पण आठवड्याच्या बाजारातून आणलेल्या बिननावाच्या पुड्यांत आणि "एका दिवसात गुडघा मोकळा" करणाऱ्या गोळ्यांत ती मिसळलेली असू शकतात. पहिले काही दिवस हुशारी वाटते. महिने गेले की चेहरा गोल होतो, पोट सुटते, साखर वाढते आणि मांड्या काडीसारख्या होतात. अशा गोळ्या दीर्घकाळ घेत असाल तर त्या एकदम बंद करू नयेत; ते जिवावर बेतू शकते. डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी कराव्यात.

पुण्याजवळच्या सहा गावांतला धडा

आपल्या लोकांना या विषयाची काळजी अधिक का, याचे उत्तर पुणे जिल्ह्यातच सापडले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. येथील बाळाचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळाचे ३.५ किलो. पण आपले बाळ नुसते लहान नव्हते. त्याच्यात स्नायू कमी होते आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीचे.

याचा अर्थ आपली स्नायूंची ठेव मुळातच लहान असते. जेवणानंतर रक्तात येणारी बरीचशी साखर इन्सुलिनच्या सांगण्यावरून स्नायू उचलून घेतात. स्नायू हे साखरेचे गोदामच. गोदाम लहान झाले की साखर रक्तात राहते आणि मधुमेहात स्नायूंची झीज आणखी वाढते. बारीक माणसालाही मधुमेह होतो, त्याचे एक कारण हे आहे.

घरच्या घरी तपासणी

आशियाई देशांतील तज्ज्ञांनी २०१९ मध्ये सोपे निकष ठरवले आहेत. शिंप्याच्या टेपने पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजावा. पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर सावध व्हावे. पायाला सूज असेल तर मात्र हे माप फसवे ठरते. दुसरी परीक्षा खुर्चीची. हात छातीशी घडी घालून खुर्चीवरून लागोपाठ पाच वेळा उठावे व बसावे. बारा सेकंद किंवा अधिक लागले तर स्नायूंचा जोर कमी आहे. ज्यांचा तोल जातो त्यांनी शेजारी माणूस उभा करूनच हे करावे. निकाल वाईट आला तर डॉक्टरांकडून थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन आणि गरज वाटल्यास ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. यांतल्या प्रत्येकावर उपाय आहे.

काय करावे?

मूलपेशींना जागे करणारा सर्वांत खात्रीचा सांगावा औषधाच्या दुकानात मिळत नाही. तो ताणाचा, म्हणजे जोर लावण्याच्या व्यायामाचा. बोस्टनच्या एका वृद्धसेवा केंद्रात १९९० मध्ये सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीने वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. नेदरलँड्समध्ये २००९ मध्ये सत्तरीच्या पुरुषांनी बारा आठवडे असा व्यायाम केला, तेव्हा झटक्याच्या तंतूंजवळच्या मूलपेशीही वाढलेल्या दिसल्या. टोचून न घेता.

"मी रोज चालतो की," असे पुष्कळ जण सांगतात. चालणे उत्तमच. तुकोबांच्या पालखीबरोबर काटेवाडी, बेलवाडी, इंदापूर असे मजल-दरमजल जाणारे सत्तरीचे वारकरी आपण दरवर्षी पाहतो. चालण्याने दम वाढतो, हृदय चांगले राहते. पण मूलपेशींना हाक पोचायला स्नायूवर भार पडावा लागतो. म्हणून चालण्याला आठवड्यातून दोन-तीन दिवस पुढील गोष्टींची जोड द्यावी. खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठणे-बसणे. दाराची चौकट धरून दहा वेळा टाचा उचलणे. भिंतीला हात टेकून दहा जोर. पाण्याने भरलेली लिटरची बाटली दोन्ही हातांनी आळीपाळीने उचलणे. महिनाभराने आवर्तने वाढवावीत. हृदयविकार, नुकतेच झालेले ऑपरेशन किंवा अनियंत्रित रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

दुसरी गोष्ट आहाराची. म्हातारपणी माणसे भाकरी-आमटीवर दिवस काढतात आणि दूध, अंडी नातवंडांना देतात. खरे तर वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने हवीत. साठ किलोच्या माणसाला साठ ते पंच्याहत्तर ग्रॅम. पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम मिळतात. मटकीची उसळ, हरभरा, पिठले, दही, आणि खाणाऱ्यांना उजनीची चिलापी आहेच. हे सगळे रात्रीच्या एकाच जेवणात न घेता तिन्ही वेळच्या खाण्यात विभागावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

तिसरी गोष्ट, आजारपणात पडून राहू नये. तापातून, ऑपरेशनमधून उठलेल्या वृद्धाला आपल्याकडे प्रेमापोटी महिनाभर खाटेवर ठेवतात. त्यात गेलेले स्नायू नंतर सहजासहजी परत येत नाहीत. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवसापासून खाटेच्या कडेला बसवावे, उभे करावे, चार पावले चालवावे.

या रविवारी घरातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांच्या पोटऱ्या मोजा. माप कमी भरले तर आठवड्याच्या आत डॉक्टरांना दाखवा आणि सोमवारपासून खुर्चीचा व्यायाम सुरू करा. घरात कुणा बाईला पिशवी काढायला सांगितले असेल, तर वरचे तीन प्रश्न कागदावर लिहून तिच्या हाती द्या.